एक चाक चिखलात, एक मुरमावर: लिमिटेड स्लिप डिफरेंशियल नेमकं काय करतं

पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर चढणारी पिकअप अडकते तेव्हा चित्र ठरलेलं असतं. मागचं डावं चाक रेंद्यात गरागरा फिरतंय, चिखल मागे उडतोय, आणि मागचं उजवं चाक कोरड्या, घट्ट मुरमावर ढिम्म उभं आहे. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन ओरडतं, डावं चाक आणखी खोल जातं. बघ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "सगळी ताकद त्या एकाच चाकाला चाललीय!"

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावर शंकाच येत नाही. पण उजव्या चाकालाही अगदी तेवढाच जोर मिळत असतो जेवढा डाव्याला मिळतो. अडचण वेगळीच आहे: दोघांना मिळणारा तो जोर फारच थोडा असतो, आणि तो तेवढाच का असतो हे समजलं की लिमिटेड स्लिप डिफरेंशियल, म्हणजे एलएसडी, समजायला फार वेळ लागत नाही. मला हे यंत्र मनापासून आवडतं, कारण गाडीत जिथे तिथे आपण ज्याच्याशी भांडतो त्या घर्षणाकडूनच ते काम करून घेतं.

आधी साधं डिफरेंशियल

आंबेनळी घाटातल्या एखाद्या केसपिनसारख्या वळणाचा विचार करा, जिथे रस्ता पूर्ण उलटा फिरतो. गाडीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरू. बाहेरचं चाक मोठ्या अर्धवर्तुळावरून जातं, आतलं लहान अर्धवर्तुळावरून. दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक म्हणजे पाय गुणिले दीड, सुमारे ४.७ मीटर. गंमत म्हणजे वळण किती मोठं आहे यावर हा फरक अवलंबून नाही. अरुंद वळण असो की ऐसपैस, गाडी एकदा उलटी फिरली की बाहेरच्या चाकाने ४.७ मीटर जास्त अंतर कापलेलं असतंच. जीपच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर असतो, म्हणजे प्रत्येक अशा वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा दोन फेरे जास्त घ्यावे लागतात.

दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला घट्ट बसवली असती तर हे दोन फेरे कुठून आणायचे? एखादं चाक घासटतच जाणार. मातीवर ते खपून जातं. डांबरावर टायर किंचाळतो, झिजतो, आणि एक्सलच्या दांड्यात पीळ साठत जातो. म्हणून दोन्ही चाकांना ताकद तर द्यायची पण फिरण्याची मोकळीक ठेवायची, असं काहीतरी हवं होतं. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी ते, म्हणजेच डिफरेंशियल, करून दाखवलं. आपल्या टेम्पो-जीपच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या मधल्या फुगीर डब्यात, आजही तेच तत्त्व फिरत असतं.

हाउसिंग उघडलं की आत काय दिसतं? गियरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा गियर, म्हणजे पिनियन. तो क्राउन नावाच्या मोठ्या गियरला फिरवतो. क्राउन एका पोकळ, बोल्टांनी जोडलेल्या डब्यावर घट्ट बसवलेला असतो. या डब्याला आपण पिंजरा म्हणू. पिंजऱ्याच्या आत आडवी पिन असते आणि तिच्यावर दोन किंवा चार छोटे तिरप्या दातांचे पिनियन, ज्यांना गॅरेजमध्ये स्टार म्हणतात. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन मोठे तिरपे गियर, म्हणजे सन. डाव्या सनमध्ये डाव्या चाकाचा हाफ शाफ्ट, उजव्यात उजव्याचा. एवढाच संसार.

गाडी सरळ चालते तेव्हा पिंजरा, स्टार, सन हे सगळं एकाच ठोकळ्यासारखं फिरतं. स्टार स्वतःच्या पिनभोवती जरासुद्धा फिरत नाहीत. वळण आलं की एक सन मागे पडू लागतो, स्टार आपल्या पिनभोवती फिरू लागतात आणि दुसऱ्या सनला तेवढंच पुढे काढतात. पिंजऱ्याचा वेग नेहमी दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी असतो. त्यामुळे एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं पिंजऱ्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. ज्या गाड्यांत स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालतो त्यांत हे डोळ्यांनी दिसतं: गाडी चिखलात उभी आहे, काटा ३० वर आहे, आणि फिरणारं ते एकटं चाक प्रत्यक्षात ६० च्या वेगाने फिरतंय.

आता जोराचं बघू. स्टार पिनियनचं काम बैलगाडीच्या जुवासारखं चालतं. जू मधोमध दांडीला बांधलेलं, दोन टोकांना दोन बैल. ओढ मधून जाते, म्हणून दोन्ही टोकांवर ती सारखीच असावी लागते. एका बैलाने अंग काढून घेतलं तर दुसरा कितीही दमदार असला तरी तो गाडी ओढू शकत नाही. त्याच्या बाजूचं जू नुसतं पुढे जातं आणि तिरपं होतं. स्टारचं तेच. पिनने त्याला मधोमध ढकललेलं, समोरासमोरच्या दातांवर दोन सन. दोन्ही सनवर त्याचा जोर सारखाच पडतो, कारण दोघेही पिनपासून सारख्याच अंतरावर आहेत. एका बाजूने विरोधच केला नाही तर स्टार गिरकी घेतो, आणि दुसऱ्या बाजूलाही जोर लावायला टेकूच उरत नाही.

अडकलेल्या पिकअपवर हिशोब करून पाहू. मागच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो वजन आहे असं धरा. कोरड्या मुरमावर टायरची पकड वजनाच्या ०.८ पट, म्हणजे उजवं चाक ३६० किलोपर्यंत ढकलू शकतं. ओल्या चिखलात ती ०.१ पट, म्हणजे डावं चाक ४५ किलोला घसरतं. साध्या डिफरेंशियलमध्ये दोन्हीकडे जोर समान, म्हणून उजव्यालाही ४५ च मिळणार. एकूण ९०. चढ आणि मातीची ओढ धरून गाडी हलायला १३० किलो लागत असतील तर ती हलणार नाही. उजव्या चाकाखाली ३६० ची पकड आहे आणि त्यातली ३१५ वाया चालली आहे. ॲक्सिलरेटर आणखी दाबल्याने ४५ चे ५० होत नाहीत. डावं चाक फक्त आणखी जोरात फिरतं. इंजिनात ताकद असून उपयोग नाही, कारण ती घ्यायला समोर कुणी नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जी नवी फोर-बाय-फोर घेणाऱ्यांना फार उशिरा कळते. पुढे-मागे दोन्ही एक्सलमध्ये साधीच डिफरेंशियल असतील तर पुढचं एक आणि मागचं एक, अशी तिरकस समोरची दोन चाकं हवेत किंवा चिखलात गेली की चारही चाकांना ताकद असलेली गाडी जागच्या जागी थांबते. दोन चाकं कोरड्यावर असूनसुद्धा.

घर्षणाला कामाला लावणं

मग उपाय काय? एक टोकाचा उपाय म्हणजे लॉक: स्टारला गिरकीच घेऊ द्यायची नाही, दोन्ही शाफ्ट एकत्र बांधून टाकायचे. ट्रॅक्टरवाल्यांना हे नवीन नाही. ट्रॅक्टरला सीटजवळ टाचेने दाबायचं डिफरेंशियल लॉकचं पेडल असतं, आणि काळ्या मातीत चाक फिरू लागलं की ते दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं. लॉक असेल तर आपल्या पिकअपला ४५ अधिक ३६०, असे ४०५ किलो मिळू शकतात. पण लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळता येत नाही. घाटातले ते दोन फेरे पुन्हा आडवे येतात.

एलएसडी या दोन टोकांच्या मधलं आहे. वळणावर चाकांना वेगळं फिरू द्यायचं, पण फुकट नाही. त्या वेगळेपणाला थोडा विरोध करायचा. जू दांडीला ढिल्या दोराने न बांधता इतकं आवळून बांधायचं की ते तिरपं होऊ शकेल पण सहज होणार नाही. मग एका बैलाने अंग काढलं तरी बांधणीच्या ताणामुळे दुसऱ्याची थोडीफार ओढ गाडीपर्यंत पोचते. किती पोचते, हे बांधणी किती घट्ट आहे यावर.

ही बांधणी लोखंडात कशी उतरवली आहे ते बघण्यासारखं आहे. सगळ्यात प्रचलित प्रकार प्लेटांचा. पिंजऱ्यात, प्रत्येक सनच्या पाठीमागे, पातळ गोल प्लेटांची चळत बसवलेली असते. एक सोडून एक प्लेटला बाहेरच्या कडेला कान असतात आणि ते पिंजऱ्याच्या खाचांत अडकतात, म्हणजे त्या प्लेटा पिंजऱ्यासोबत फिरतात. उरलेल्या प्लेटांना आतून दाते असतात आणि त्या सनसोबत फिरतात. बाईकच्या क्लच प्लेटा बाहेर काढलेल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही चळत लगेच ओळखू येईल. गाडी सरळ जात असताना सन आणि पिंजरा एकाच वेगाने फिरतात, प्लेटा एकमेकींवर घासतच नाहीत. फरक पडला की घासू लागतात.

इथे थांबून घर्षणाची दिशा नीट बघा, कारण सगळी युक्ती तिथे आहे. पिंजऱ्याचा वेग दोन चाकांच्या मधोमध असतो. चिखलातलं चाक पिंजऱ्यापेक्षा जोरात फिरतंय, म्हणून त्या बाजूच्या प्लेटा त्याला मागे खेचतात. मुरमावरचं चाक पिंजऱ्यापेक्षा हळू आहे किंवा थांबलेलंच आहे, म्हणून त्या बाजूच्या प्लेटा त्याला पुढे ओढतात. कुठलाही सेन्सर नाही, कुणी निर्णय घेत नाही. घर्षण नेहमी वेगातला फरक मिटवायच्या दिशेनेच लागतं, आणि इथे ती दिशा नेमकी आपल्याला हवी तीच आहे: पळणाऱ्याला आवर आणि थांबलेल्याला रेटा. म्हणूनच एलएसडीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जास्त जोर, नेहमी हळू फिरणाऱ्या चाकाला मिळतो.

आता हे घर्षण किती असावं? प्लेटा कायम घट्ट दाबून ठेवल्या तर गाडी लॉक असल्यासारखीच वागेल. ढिल्या ठेवल्या तर काही उपयोग नाही. यावरचं उत्तर मला या यंत्रातलं सगळ्यात देखणं वाटतं. स्टारची पिन पिंजऱ्याला थेट जोडायचीच नाही. पिंजऱ्याच्या आत दोन जाड कड्या ठेवायच्या, ज्या पिंजऱ्यासोबत फिरतात पण आडव्या, म्हणजे चाकांच्या दिशेने सरकू शकतात. त्या दोन कड्यांच्या मध्ये उताराच्या खाचा, आणि त्या खाचांत पिनची टोकं. इंजिनने जोर लावला की कड्यांना पिनला पुढे ढकलावं लागतं. पिन उतारावर चढू बघते आणि दोन्ही कड्यांना एकमेकींपासून दूर लोटते. दूर लोटलेल्या कड्या आपापल्या बाजूच्या प्लेटांवर दाबल्या जातात. म्हणजे जितका जोर इंजिन देतं तितक्या प्लेटा आवळल्या जातात. पार्किंगमध्ये हळूच वळताना इंजिनाचा जोर नाममात्र असतो, प्लेटा जवळपास मोकळ्या. चढावर दाबून काढताना प्लेटा घट्ट. गाडीला जेव्हा मदत हवी तेव्हाच मदत.

या खाचेचा उतार दोन्ही बाजूंना सारखा असायलाच हवा असं नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकं उलट इंजिनाला फिरवतात, तेव्हा पिन खाचेच्या दुसऱ्या बाजूवर दाबते. तिथे उतार ठेवलाच नाही तर उतरणीवर एलएसडी मोकळं राहतं. याला वन-वे म्हणतात. दोन्हीकडे सारखा उतार म्हणजे टू-वे, जो ड्रिफ्टिंग करणाऱ्यांना आवडतो. दुसरीकडे उतार आहे पण कमी परिणामाचा, तो दीड-वे. रोजच्या रस्त्यावर टू-वे मला गरजेचा वाटत नाही. वळणात शिरताना पाय काढला की तो गाडीला सरळच न्यायला बघतो.

यासोबत बहुतेक डिझाइनमध्ये स्प्रिंगा असतात, ज्या प्लेटांवर कायम थोडा दाब ठेवतात. याला प्रीलोड म्हणतात. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

आता पुन्हा पिकअप. समजा तिच्या एलएसडीत चांगल्या पकडीच्या चाकाला घसरणाऱ्या चाकाच्या जास्तीत जास्त अडीच पट टॉर्क मिळू शकतो. डाव्याला ४५, तर उजव्याला ११२. एकूण १५७. लागत होते १३०. गाडी निघाली. लॉकच्या ४०५ पुढे १५७ काहीच नाही, पण अडकणं आणि निघणं यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि त्याच गाडीने पुढे हायवेवर निमूट वळताही येतं.

हवेत गेलेलं चाक

या हिशोबात एक खड्डा आहे. डावं चाक चिखलात नसून पूर्ण हवेत असेल तर? त्याचा विरोध शून्य. शून्याची अडीच पट शून्यच. प्रीलोडच्या स्प्रिंगा इथे कामाला येतात, कारण त्यांचं घर्षण इंजिनाच्या जोरावर अवलंबून नसतं. चाक हवेत असलं तरी थोडा टॉर्क दुसरीकडे जातोच.

टॉर्सन नावाच्या प्रकारात ही अडचण सगळ्यात स्पष्ट दिसते. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात प्लेटा नाहीतच. तिरप्या पेचाच्या दातांचे गियर असे गुंफलेले असतात की टॉर्क आला की ते एकमेकांवर आणि पिंजऱ्याच्या भिंतींवर दाबले जातात; घर्षण गियरच्याच अंगात आहे. झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, वागणं अगदी सुरळीत, म्हणून स्पोर्ट्स गाड्यांत तो लोकप्रिय आहे. माझदाने १९९० च्या दशकात एमएक्स-५ मध्ये व्हिस्कस, म्हणजे घट्ट तेलावर चालणाऱ्या, प्रकाराच्या जागी तोच आणला. पण चाक हवेत गेलं की शून्याचा गुणाकार.

अमेरिकन लष्कराच्या हमवी या गाडीच्या दोन्ही एक्सलमध्ये टॉर्सन असतं आणि तिच्या चालकांना यावर एक उपाय शिकवला जातो: ॲक्सिलरेटर दाबतानाच डाव्या पायाने हलका ब्रेक दाबा. हिशोब असा. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला ४० किलोचा विरोध तयार झाला. तीन पटीच्या टॉर्सनमध्ये जमिनीवरच्या चाकाला १२० मिळाले. त्यातले ४० त्याच्या स्वतःच्या ब्रेकने खाल्ले. उरले ८०, आणि गाडी पुढे सरकली.

आपल्याकडेही अडकलेल्या गाडीत हँडब्रेक अर्धा ओढून प्रयत्न करायचा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या डिफरेंशियलमध्ये तो हिशोबाने चालत नाही. हवेतल्या चाकाला ब्रेकचा ४० विरोध, म्हणून दुसऱ्याला ४० मिळाले, आणि त्याचा ब्रेकही ४० चाच. हाती शून्य. युक्ती चालायला हवी असेल तर फक्त फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावता आला पाहिजे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक पेडल असतात ते शेतात जागच्या जागी वळण्यासाठी, पण त्यांचा हाही उपयोग होतो: फिरणाऱ्या चाकाचं पेडल दाबलं की दुसरं चाक ओढू लागतं.

आजच्या गाड्यांत संगणक नेमकं हेच करतो. मारुती जिमनीत ब्रेक एलएसडी म्हणून जे दिलं आहे त्यात डिफरेंशियल साधंच आहे. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग बघतात, एक चाक नुसतं फिरतंय असं दिसलं की त्या एकाच चाकाला ब्रेक लावला जातो, आणि डिफरेंशियल आपल्या स्वभावाप्रमाणे तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकाला देतं. सुटे भाग गाडीत आधीपासूनच असतात, म्हणून हे स्वस्त पडतं. इंजिनाची काही ताकद मात्र ब्रेकमध्ये जळते, आणि लांब चिखलात सतत वापरलं तर ब्रेक तापतात.

महिंद्राच्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ २०२० साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेंशियल मिळतं. लोक त्यालाही एलएसडी म्हणतात, पण त्याची वागणूक वेगळी आहे. ईटन कंपनीच्या या रचनेत आत छोटी वजनं असलेला गव्हर्नर असतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ती वजनं बाहेर फेकली जातात, एक खिट्टी अडकते, आणि प्लेटा दाबल्या जाऊन दोन्ही चाकं पूर्ण लॉक होतात. सुमारे ३० किलोमीटरच्या वर वेग असेल तर ते लागत नाही, त्यामुळे हायवेवर एखादं चाक घसरलं म्हणून मागचा एक्सल अचानक बांधला जाण्याची भीती नाही. चिखलात मात्र याची सवय करून घ्यावी लागते. भीतभीत थोडा थोडा ॲक्सिलरेटर दिला तर चाक हळूहळू फिरत राहतं आणि लॉक लागतच नाही. चाकाला क्षणभर ठामपणे फिरू द्यायचं, खट्कन आवाज आला की तोच जोर स्थिर ठेवायचा. फुल्ल ॲक्सिलरेटरवर लॉक लावणं मात्र टाळावं. त्या झटक्याचा सगळा भार हाफ शाफ्टवर येतो. टाटा सफारी स्टॉर्मच्या काही प्रकारांत आलेलं एलएसडी यापेक्षा वेगळं, म्हणजे कायम थोडं थोडं काम करणारं.

व्हिस्कस प्रकाराबद्दल थोडक्यात. बंद डब्यात भोकांच्या पातळ प्लेटा आणि घट्ट सिलिकॉन तेल. वेगात फरक पडला की तेल प्लेटांमधून कापलं जातं आणि विरोध करतं. मऊ, गुळगुळीत, पण चाक बरंच घसरल्याशिवाय जागं न होणारं, आणि तेल म्हातारं झालं की निवांत. चिखलासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

रेसिंगमधून आलेलं, आणि रस्त्यावर जपून वापरायचं

हे यंत्र चिखलासाठी जन्मलं असं वाटेल, पण त्याला मोठा रेटा मिळाला तो रेस ट्रॅकवर. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शने ऑटो युनियनसाठी ग्रां प्रीची गाडी बनवली: चालकाच्या मागे सोळा सिलिंडरचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन, आणि पुढच्या आवृत्त्यांत ५०० अश्वशक्तीच्या घरातली ताकद. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जायचं, आतलं मागचं चाक हलकं पडायचं आणि नुसतं फिरायचं. आपल्या पिकअपचाच हिशोब, फक्त दीडशेच्या वेगाने. १९३५ मध्ये पोर्शने झेडएफ कंपनीकडून त्यासाठी मर्यादित घसरण देणारं डिफरेंशियल बनवून घेतलं. सर्वसामान्य मोटारींत ते अमेरिकेत १९५६ साली पॅकार्डने आणलं, आणि मग तिथल्या ताकदवान, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते पसरलं.

रस्त्यावर चालवताना एक गोष्ट माहीत असावी. साध्या डिफरेंशियलमध्ये ओल्या वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर आतलं एकच चाक फिरतं, ताकद वाया जाते, आणि बाहेरचं चाक आडव्या दिशेने गाडी धरून ठेवतं. एकप्रकारे ती आपोआप मिळालेली सुरक्षा आहे. एलएसडी ही ताकद वाया जाऊ देत नाही, म्हणून मर्यादा ओलांडली की दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. जुलैमध्ये घाटात, मागे रिकाम्या पिकअपला एलएसडी असेल तर वळणातून बाहेर पडताना उजवा पाय हलकाच ठेवायचा. एलएसडी पकड वाढवत नाही; आहे ती पकड वाया जाऊ देत नाही, इतकंच.

तेल, टायर आणि जॅक

प्लेटांच्या एलएसडीचा जीव तेलात असतो. मागच्या हाउसिंगचं तेल उघडलं की जो गंधकाचा उग्र वास येतो तो गियरचे दात वाचवणाऱ्या रसायनांचा. पण प्लेटांच्या एलएसडीला त्याशिवाय घर्षण सुरळीत करणारं वेगळं रसायन लागतं. ते तेलात आधीच असतं किंवा वेगळं घालतात. ते नसेल तर प्लेटा सरळ घसरण्याऐवजी चिकट-सुट, चिकट-सुट करतात, आणि सोसायटीच्या आवारात पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना मागून घर्र-घर्र, दणके जाणवतात. असा आवाज ऐकून "डिफरेंशियल गेलं" म्हणत सगळं खोलायच्या आधी योग्य तेल घालून, मोकळ्या मैदानात इंग्रजी आठाच्या आकाराचे काही फेरे मारून बघावं. नवं तेल प्लेटांमध्ये शिरायला वेळ लागतो. खोलावंच लागलं तर प्लेटा उजेडात तिरप्या धरून बघा: निळसर डाग म्हणजे त्या तापल्या आहेत, आणि आरशासारखी चकाकी आली असेल तर त्यांच्यात घासायला काही उरलेलं नाही.

टायरचं लोकांना पटत नाही, म्हणून आकडे देतो. मागे एका बाजूला नवा टायर, ८ मिलिमीटर नक्षी. दुसऱ्या बाजूला जुना, ३ मिलिमीटर. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दीड टक्का. चाकं किलोमीटरला साधारण ४३० फेरे घेतात, तर प्रत्येक किलोमीटरला जवळपास सहा फेऱ्यांचा फरक. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर सरळ हायवेवर गाडी चालली तरी दोन्ही बाजूंच्या प्लेटा मिळून तेराशेहून जास्त फेरे विनाकारण घासल्या. साध्या डिफरेंशियलला याचं काही वाटत नाही. एलएसडी असेल तर मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच वयाचे, सारख्या हवेचे ठेवायला हवेत, आणि लहान मापाच्या स्टेपनीवर लांब जायचं नाही.

जुनी गाडी घेताना विकणारा एलएसडी आहे म्हणत असेल तर तपासणं अवघड नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे, मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी स्टँडवर, इंजिन बंद, गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, फोर-बाय-फोर असेल तर टू-व्हील ड्राइव्हवर. आता एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफरेंशियल साधं आहे, किंवा प्लेटा पार झिजल्या आहेत. त्याच दिशेने फिरलं तर प्रीलोड असलेलं एलएसडी जिवंत आहे. टॉर्सन आणि गव्हर्नरचं लॉकिंग डिफरेंशियल या परीक्षेत साध्यासारखंच वागू शकतं, कारण हाताच्या फिरवण्यात ना टॉर्क असतो ना वेग. प्लेटांच्या एलएसडीची पक्की परीक्षा म्हणजे एकच चाक उचलून, न्यूट्रलमध्ये, टॉर्क रेंच लावून ते किती जोराने सुटतं ते मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं.

आणि असं एक चाक उचललेलं असताना इंजिन चालू करून गियर टाकायचा नाही. साध्या डिफरेंशियलच्या सवयीने मेकॅनिकलाही वाटतं की उचललेलं चाक नुसतं फिरेल. एलएसडीत जमिनीवरचं चाकही ओढतं, आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. अशा गाडीवर काम करताना मागची दोन्ही चाकं स्टँडवर, नाहीतर दोन्ही जमिनीवर.